मॅकडॉवेल (कलावंत-निवाससंस्था)

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशर राज्यातील पीटरबरो या गावाबाहेर असलेली, लेखक, संगीतकार आणि इतर कलावंतांना विनामूल्य निवास व कार्यस्थळ देणारी संस्था. स्थापना १९०७. संस्थापक : संगीतरचनाकार एडवर्ड मॅकडॉवेल (१८६०–१९०८) आणि त्याची पत्नी, पियानोवादक मॅरियन मॅकडॉवेल (१८५७–१९५६). निवड झालेल्या कलावंताला येथे स्वतंत्र स्टुडिओ, राहण्याची खोली व तिन्ही वेळचे जेवण मिळते आणि त्याचा कोणताही मोबदला घेतला जात नाही. कलावंतांच्या निवासाची जी पद्धत आज जगभर ‘रेसिडेन्सी’ या नावाने ओळखली जाते, तिचा पाया घालणाऱ्या संस्थांत मॅकडॉवेलचे स्थान अग्रभागी आहे. २०२० पर्यंत संस्थेचे नाव ‘मॅकडॉवेल कॉलनी’ असे होते.

पार्श्वभूमी : खेड्यात जाऊन काम करण्याची ओढ युरोपातील कलावंतांत एकोणिसाव्या शतकातच बळावली होती. फ्रान्समधील बार्बिझाँ, जर्मनीतील व्होर्प्सवेड ही चित्रकारांची गावे प्रसिद्ध आहेत. मात्र तेथे कलावंत आपल्या खर्चाने घर किंवा खोली घेऊन राहत. ज्याच्याजवळ भाड्याचे पैसे नाहीत किंवा ज्याचे नाव अजून झालेले नाही, त्याची सोय संस्थेने करावी, ही कल्पना अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी रुजली. मॅकडॉवेल हे तिचे सर्वांत टिकाऊ रूप होय.

एडवर्डचे संगीतशिक्षण पॅरिस व जर्मनीत झाले. मॅरियन नेव्हिन्स त्याच्याकडे जर्मनीत पियानो शिकत होती. १८८४ मध्ये दोघांचे लग्न झाले. १८९६ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने एडवर्डला संगीताचा पहिला प्राध्यापक म्हणून नेमले. त्याच वर्षी या दांपत्याने पीटरबरोजवळची ‘हिलक्रेस्ट’ नावाची शेतवाडी विकत घेतली. न्यूयॉर्कमध्ये वर्षभर शिकवणे आणि उन्हाळ्यात पीटरबरोला येऊन संगीत रचणे, असा त्यांचा क्रम होता. घरातही वर्दळ असते, म्हणून मॅरियनने शेताच्या कडेला रानात ओंडक्यांची एक खोपी बांधून घेतली. तेथे एडवर्ड दिवसभर एकटा काम करी. दुपारचे जेवण मॅरियन टोपलीत घालून दाराबाहेर ठेवून जाई, असे सांगितले जाते. आपण उन्हाळ्याच्या थोड्या आठवड्यांत जेवढे करतो तेवढे शहरात वर्षभरातही होत नाही, हा एडवर्डचा अनुभव होता आणि तो इतर कलावंतांनाही मिळावा, अशी त्याची इच्छा होती.

या इच्छेला दुसराही एक धागा होता. रोम येथील अमेरिकन अकादमीच्या विश्वस्तांत एडवर्डचा समावेश होता. तेथे वास्तुकार, शिल्पकार व चित्रकार एकत्र राहत. वेगवेगळ्या कलांची माणसे एका पंक्तीला जेवली, की प्रत्येकाच्या कामाला त्याचा फायदा होतो, असे त्याचे ठाम मत झाले. एकांत आणि सहवास ही मॅकडॉवेलच्या रचनेची दोन अंगे या दोन अनुभवांतून आली आहेत.

स्थापना : १९०४ मध्ये एडवर्डने कोलंबियाचा राजीनामा दिला. त्याच वर्षी रस्त्यावर घोडागाडीचा अपघात झाला; पुढे त्याची मानसिक शक्ती झपाट्याने क्षीण होत गेली. त्याच्या साहाय्यासाठी १९०६ मध्ये मेंडेलसोन ग्ली क्लब या गायनमंडळाने निधी उभारला. माजी राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड, उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी आणि बँकर जे. पी. मॉर्गन यांनी या कामी हातभार लावला. १९०७ मध्ये विश्वस्त मंडळ स्थापन होऊन मॅरियनने शेतवाडी त्याच्या नावे केली. पहिल्या उन्हाळ्यात शिल्पकार हेलन फार्न्सवर्थ मियर्स व तिची बहीण, लेखिका मेरी मियर्स, या दोघी तेथे राहिल्या. जानेवारी १९०८ मध्ये एडवर्डचे निधन झाले. संस्थेची कल्पना त्याची. ती प्रत्यक्षात आणली आणि जगवली ती मात्र मॅरियनने.

मॅरियन मॅकडॉवेलचे कार्य : पतीच्या मृत्यूच्या वेळी मॅरियन पन्नाशीत होती. पाठीच्या जुन्या दुखण्यामुळे तिला बराच काळ कुबड्यांच्या आधाराने चालावे लागे. तशा अवस्थेत ती पुन्हा पियानोकडे वळली आणि अमेरिकाभर फिरून एडवर्डच्या रचना वाजवू लागली, त्यांच्यावर व्याख्याने देऊ लागली. या कार्यक्रमांचे उत्पन्न संस्थेला जाई. गावोगावची महिला मंडळे, संगीत मंडळे आणि एडवर्डच्या नावाने निघालेले क्लब यांनी तिला साथ दिली; अनेक स्टुडिओ त्यांच्याच देणग्यांतून उभे राहिले. १९१० मध्ये पीटरबरोत एडवर्डच्या संगीतावर आधारलेला भव्य खुला नाट्यप्रयोग झाला. गावकऱ्यांनी त्यात भूमिका केल्या आणि संस्था देशभर माहीत झाली.

सप्टेंबर १९३८ मध्ये न्यू इंग्लंडला तडाखा देणाऱ्या चक्रीवादळाने संस्थेच्या रानातील असंख्य झाडे उन्मळून पडली व इमारतींचे नुकसान झाले. त्या वेळी ऐंशी वर्षांच्या असलेल्या मॅरियनने पुन्हा निधी गोळा करण्यास सुरुवात केली. सुमारे चार दशके तिने संस्थेचा कारभार पाहिला. रस्ते, विहिरी, छपरे, गाईगुरे, स्वयंपाकघर, हिशेब हे सारे तिच्या नजरेखाली असे. ज्या संस्थेने इतरांना एकाग्रता दिली, तिच्यासाठी एका निष्णात पियानोवादिकेने आपले निम्मे आयुष्य व्यवस्थापनात घालवले. कलेच्या इतिहासात अशा श्रमाची नोंद सहसा तळटीपेत होते. मॅकडॉवेलच्या बाबतीत ती मुख्य मजकुरातच व्हायला हवी.

परिसर व दिनक्रम : संस्थेचा परिसर सुमारे ४५० एकरांचा असून त्यात मुख्यतः जंगल व गवताळ माळ आहेत. मोनॅडनॉक पर्वत जवळ आहे. रानात एकमेकांपासून दूर, झाडांच्या आडोशाने ३२ स्टुडिओ विखुरलेले आहेत. प्रत्येकाची बांधणी वेगळी : कुठे पियानो, कुठे उत्तरेकडून उजेड येणारी मोठी खिडकी, कुठे नुसते टेबल, खुर्ची व शेकोटी. सुरुवातीला संस्था फक्त उन्हाळ्यात चाले. पुढे इमारती थंडीसाठी सज्ज करून ती बारमाही करण्यात आली.

सकाळी व रात्री सर्व निवासी मुख्य इमारतीत एकत्र जेवतात. मूळच्या कोठाराचे रूपांतर करून ही इमारत केलेली आहे. दुपारचे जेवण मात्र टोपलीतून स्टुडिओच्या दाराशी येते आणि आणणारा माणूस दार न वाजवता निघून जातो. बोलावल्याशिवाय कोणी कोणाच्या स्टुडिओत जात नाही. रात्री जेवणानंतर एखादा निवासी आपले लेखन वाचून दाखवतो, कोणी चित्रपट दाखवतो किंवा संगीत ऐकवतो. तेही ज्याच्या-त्याच्या खुशीवर असते. प्रत्येक स्टुडिओत लाकडी पाट्या लावलेल्या आहेत. तेथे काम केलेला कलावंत निघताना त्यांवर आपले नाव व तारीख लिहितो. आकारामुळे या पाट्यांना निवाशांच्या बोलीत ‘थडगी’ म्हणतात. नवागताला आपल्या आधी याच टेबलाशी कोण बसले होते, ते या पाट्या सांगतात.

निवड व अटी : वास्तुकला, चित्रपट व व्हिडिओ, आंतरविद्याशाखीय कला, साहित्य, संगीतरचना, रंगभूमी आणि दृश्यकला अशा सात क्षेत्रांतील कलावंतांना अर्ज करता येतो, परदेशी कलावंतांनाही दार खुले आहे. त्या-त्या क्षेत्रातील जाणकारांची समिती कामाचे नमुने पाहून निवड करते. गुणवत्ता हा एकमेव निकष आहे; आधीची प्रसिद्धी किंवा पदवी आवश्यक नसते. मुक्काम सहा आठवड्यांपर्यंत असतो. वर्षाला सुमारे ३०० कलावंत येथे राहून जातात.

मुक्कामाच्या शेवटी काय तयार झाले याचा हिशेब संस्था मागत नाही. पुस्तक पूर्ण करण्याचे बंधन नाही, अहवाल नाही, गावात व्याख्यान देण्याची सक्ती नाही. बहुतेक अनुदाने ठरलेल्या कामासाठी मिळतात आणि काम झाल्याचा पुरावा मागतात. कलाकृतीचा आरंभ मात्र बऱ्याचदा चाचपडण्यात, खोडण्यात, नुसते बसून राहण्यात जातो. तो काळ देणारी व्यवस्था फार थोडी आहे, आणि मॅकडॉवेलचे वेगळेपण नेमके या विश्वासात आहे.

राहणे-जेवणे विनामूल्य असले, तरी महिनाभर घरापासून दूर राहणे प्रत्येकाला परवडत नाही. नोकरीचा पगार बुडतो, घरभाडे चालूच राहते, मुलांना सांभाळायला कोणी तरी लागते. म्हणून गरजू निवाशांना संस्था प्रवासखर्च व आर्थिक साहाय्यही देते. या साहाय्याशिवाय विनामूल्य निवासाचा लाभ ज्यांच्याकडे आधीच सवड आहे त्यांनाच मिळाला असता.

येथे घडलेली निर्मिती : कवी एडविन आर्लिंग्टन रॉबिन्सन १९११ मध्ये प्रथम येथे आला आणि १९३४ पर्यंत उन्हाळ्यामागून उन्हाळा येत राहिला, या काळात त्याला तीनदा पुलित्झर पारितोषिक मिळाले. संगीतकार एमी बीच हिने १९२१ मध्ये येथील रानात ऐकलेल्या हर्मिट थ्रश या पक्ष्याच्या गाण्यावरून पियानोसाठी दोन रचना केल्या. आपल्या रचनांचे मानधन मृत्यूनंतर संस्थेला मिळावे, अशी व्यवस्थाही तिने केली. लेखक ड्यूबोस हेवर्ड आणि नाटककार डोरोथी कून्स यांची १९२२ मध्ये येथे भेट झाली. पुढे त्यांचा विवाह झाला. हेवर्डच्या पोर्गी (१९२५) या कादंबरीचे दोघांनी मिळून नाटक केले आणि त्यावरून संगीतकार जॉर्ज गर्श्विनचा पोर्गी अँड बेस (१९३५) हा ऑपेरा झाला.

कादंबरीकार विला कॅथरने डेथ कम्स फॉर द आर्चबिशप या कादंबरीवर १९२६ मध्ये येथे काम केले. थॉर्नटन वाइल्डरचे अवर टाउन (१९३८) हे नाटक अंशतः येथे लिहिले गेले. त्यातील ग्रोव्हर्स कॉर्नर्स या कल्पित गावावर पीटरबरोची छाया आहे. १९५० च्या दशकात लेखक जेम्स बाल्डविनने येथे जिओव्हानीज रूम या कादंबरीवर काम केले. आज संस्थेचे ग्रंथालय त्याच्या नावाने ओळखले जाते. संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइनने मास (१९७१) या रचनेचे काम येथे केले.

पदक व मानसन्मान : १९६० पासून संस्था अमेरिकन कलेतील असाधारण योगदानासाठी ‘एडवर्ड मॅकडॉवेल पदक’ देते. पहिले पदक थॉर्नटन वाइल्डरला, दुसरे संगीतकार एरन कोपलंडला, तिसरे कवी रॉबर्ट फ्रॉस्टला मिळाले. पुढील मानकऱ्यांत चित्रकार जॉर्जिया ओकीफ व कादंबरीकार टोनी मॉरिसन यांचा समावेश आहे. पदकदानाच्या दिवशी एरवी बंद असलेला परिसर लोकांसाठी खुला होतो. पाहुणे डबे घेऊन येतात आणि स्टुडिओंत जाऊन कलावंतांशी बोलतात. १९६२ मध्ये या परिसराला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. १९९७ मध्ये संस्थेला अमेरिकेचे राष्ट्रीय कलापदक देण्यात आले.

करमाफीचा खटला : एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पीटरबरो नगर प्रशासनाने संस्थेची मालमत्ता-करातील सूट नाकारली. संस्थेचा लाभ मूठभर कलावंतांना होतो, सर्वसामान्य जनतेला नाही, म्हणून ती धर्मादाय ठरत नाही, असा प्रशासनाचा युक्तिवाद होता. २००८ मध्ये न्यू हॅम्पशरच्या सर्वोच्च न्यायालयाने संस्थेच्या बाजूने निकाल दिला. कलेला चालना देणे हे लोकहिताचे कार्य आहे आणि कलावंताला दिलेला लाभ त्याच्या कृतींमधून समाजाकडे पोहोचतो, हे तत्त्व त्यामुळे मान्य झाले. विनामूल्य निवास हे व्यक्तीवरचे उपकार नसून सार्वजनिक गुंतवणूक आहे, या भूमिकेला या निकालाने कायद्याचे बळ दिले.

नामांतर : जुलै २०२० मध्ये संस्थेने आपल्या नावातील ‘कॉलनी’ हा शब्द काढून टाकला. त्या शब्दाला चिकटलेले वसाहतवादाचे व बहिष्काराचे अर्थ सर्वांचे स्वागत करणाऱ्या संस्थेला शोभत नाहीत, अशी त्यामागची भूमिका होती.

तत्सम संस्था : न्यूयॉर्क राज्यातील साराटोगा स्प्रिंग्ज येथे स्पेन्सर व कॅट्रिना ट्रास्क या दांपत्याने, चारही अपत्ये बालपणी गमावल्यानंतर, आपली जमीन-जुमला कलावंतांसाठी ठेवला. ‘याडो’ ही त्यातून निघालेली संस्था १९२६ मध्ये सुरू झाली. कवी सिल्व्हिया प्लाथ व टेड ह्यूज १९५९ मध्ये तेथे राहिले होते, तर कादंबरीकार पॅट्रिशिया हायस्मिथने आपली संपत्ती याडोला ठेवली. वॉशिंग्टन राज्यातील व्हिडबी बेटावरची ‘हेजब्रुक’ ही संस्था केवळ स्त्री-लेखकांसाठी असून तिच्याकडे सहा लाकडी कुटी आहेत. भारतात ‘संगम हाउस’ या उपक्रमाने २००८ पासून भारतीय भाषांतील व परदेशी लेखकांना एकत्र राहून लिहिण्याची संधी दिली. बंगळूरजवळच्या हेसरघट्टा येथील नृत्यग्राम या नृत्यसंस्थेत त्याची अनेक सत्रे झाली.

मूल्यमापन : गावापासून दूर, रानात बसून लिहिलेले सारेच चांगले असते असे नाही, आणि थोर कृती गजबजलेल्या घरांतही जन्मल्या आहेत. पण घरच्या गजबजाटात कामच न झाल्याने ज्या कृती राहून गेल्या, त्यांची गणना कोणाकडे नसते. नोकरी, शिकवण्या, स्वयंपाक आणि आजारपणे सांभाळून लिहिणाऱ्यांना सलग चार आठवडे मिळणे किती दुर्मीळ आहे, हे प्रत्येक भाषेतले लेखक जाणतात. मॅकडॉवेलने शंभराहून अधिक वर्षे हे आठवडे श्रीमंतांच्या मर्जीवर न सोडता अर्ज, निवड व निधी यांच्या शिस्तीत बांधून दाखवले. थोडी जमीन, साधी खोली, वेळेवर जेवण, निःपक्ष निवड आणि निकालाची घाई न करणारे विश्वस्त एवढ्यावर अशी संस्था उभी राहू शकते, आणि ती कुठल्याही देशात, कुठल्याही भाषेसाठी उभारता येते.