स्वप्नांतील अन्न आणि यंत्रांतील सृष्टि

स्वप्नांत पक्वान्नांचें ताट पुढें येतें, मनुष्य पोटभर जेवतो, आणि पहांटे उठतो तो भुकेलाच. ही गोष्ट लहान मुलालाहि ठाऊक असते. परंतु भारतांतील तत्त्वज्ञांनीं तीवरून जो वाद घातला, तोच सुमारें पंधराशें वर्षांनंतर अमेरिकेंतील प्रयोगशाळांत नव्या वेषानें उभा राहिला.

इ. स. १९६५ मध्यें आयव्हन सदरलँड या तरुण अमेरिकन संशोधकानें एक छोटासा निबंध लिहिला. संगणकाच्या पडद्यावर चित्रें उमटविण्याची विद्या तेव्हां बाल्यावस्थेंत होती. तरी तिची अखेरची पायरी कोणती, याचा विचार त्यानें केला. ती पायरी म्हणजे एक खोली. तींतील पदार्थांचें अस्तित्वच संगणकाच्या स्वाधीन असावें. तेथें दाखविलेल्या खुर्चीवर बसतां यावें, दाखविलेल्या बेड्यांनीं हात जखडले जावे आणि दाखविलेल्या गोळीनें मनुष्य मरावा! तीन वर्षांनीं, १९६८ मध्यें, त्यानें डोक्यावर घालावयाचें एक यंत्र विद्वानांपुढें मांडलें. डोळ्यांजवळ दोन लहान चित्रनलिका आणि मान किती वळली तें मोजण्यासाठीं छताला जोडलेला एक दांडा, अशी त्याची रचना होती. दिसे काय, तर हवेंत तरंगणारी नुसती रेघांची आकृति. पण पाहणारा मान वळवील तसतशी तीहि योग्य त्या बाजूनें दिसे. आजचीं आभासी सृष्टीचीं उपकरणें याच यंत्राच्या वंशांतलीं आहेत.

खुर्ची, बेडी आणि गोळी हीं उदाहरणें सदरलँडला सहज सुचलीं असतील. परंतु रचलेल्या सृष्टीनें खऱ्या सृष्टीचें काम केलें पाहिजे, अशी एक अट त्यांत दडलेली आहे. ती अट फार जुनी आहे, आणि ती पाहण्यासाठीं वसुबंधूकडे जावें लागतें.

वसुबंधु हा बौद्ध आचार्य पुरुषपुरचा, म्हणजे आजच्या पेशावरचा. त्याचा काळ सामान्यतः इ. स. चें चौथें किंवा पांचवें शतक मानतात. 'विंशतिका' हा त्याचा ग्रंथ अवघ्या बावीस श्लोकांचा, त्यावर त्याचीच टीका. बाहेर पदार्थ म्हणून कांहीं नाहींच, जें आहे तें केवळ विज्ञान, म्हणजे जाणीव, हा त्यांतील सिद्धांत. हें ऐकून कोणीहि उसळून उठेल हें जाणून त्यानें प्रतिपक्षाचे आक्षेप आरंभींच, दुसऱ्या श्लोकांत, मांडले. बाहेर कांहीं नसेल तर एखादी वस्तु अमक्याच ठिकाणीं कां दिसते? अमक्याच वेळीं कां? तेथें असलेल्या सर्वांनाच कां दिसते, एकट्यालाच कां नाहीं? आणि चौथा आक्षेप सर्वांत टणक: स्वप्नांतील अन्नानें भूक जात नाहीं, स्वप्नांतील विषानें कोणी मरत नाहीं, स्वप्नांतील शस्त्र कापीत नाहीं, मग जागेपणींचें अन्न, विष आणि शस्त्र आपापलें काम कसें करतात? विरुद्ध पक्ष इतक्या जोरानें मांडून मग वादास बसणें, ही रीत आजच्या वादपटूंनीं पाहून ठेवण्यासारखी आहे.

पहिल्या दोन आक्षेपांस त्याचें उत्तर सोपें आहे. स्वप्नांतहि बाग सर्वत्र दिसत नाहीं, एका ठिकाणींच आणि एका वेळींच दिसते. तिसऱ्यास तो प्रेतयोनीचा दाखला देतो: सारख्या कर्माच्या प्रेतांना एकच नदी पुवानें भरलेली दिसते. चौथ्यास तो म्हणतो कीं, स्वप्नांतील कांहीं अनुभवांचा परिणाम शरीरावर जागेपणींहि उरतोच. मग तो नरकाचें उदाहरण घेतो, आणि येथें त्याची प्रतिभा खरी खुलते. नरकांत पापी जीवांना छळणारे नरकपाल हे स्वतः जीव आहेत काय? असते, तर तापलेल्या लोखंडाच्या त्या भूमीवर त्यांचेहि पाय पोळले असते! ते खरे प्राणी नव्हेत. दुःख भोगणाऱ्यांच्या कर्मांतून उमटलेल्या त्या आकृति आहेत. मात्र त्यांच्या हातून होणारी वेदना खरी. यंत्रसृष्टींतील खेळांत चालतीं-बोलतीं असणारीं, पण आंत कोणी नसलेलीं पात्रें ज्यानें पाहिलीं आहेत, त्याला हे नरकपाल परके वाटणार नाहींत.

या ग्रंथाचें दैवहि विलक्षण. चीनच्या आणि तिबेटच्या भाषांत तो टिकला, मूळ संस्कृत मात्र शतकानुशतकें दृष्टीआड होतें. तें नेपाळांत मिळालें, आणि १९२५ मध्यें फ्रेंच पंडित सिल्व्हें लेव्ही यानें पॅरिस येथें छापून प्रसिद्ध केलें.

विज्ञानवादावर नामांकित प्रहार केला तो शंकराचार्यांनीं, आठव्या शतकाच्या सुमारास, ब्रह्मसूत्रांवरील भाष्यांत. तेथेंहि अन्न पुन्हा येतें. बाह्य पदार्थ अनुभवीत असतांच ते नाहींत म्हणणारा मनुष्य, जेवून तृप्त होत असतां 'मी जेवत नाहीं, तृप्तहि होत नाहीं' म्हणणाऱ्यासारखा आहे, असें आचार्य म्हणतात. त्यांची कसोटी बाधाची. जागा झाल्यावर स्वप्न खोटें ठरतें, पण जागेपणीं पाहिलेला खांब असा कोणत्याहि अवस्थेंत खोटा ठरत नाहीं. ब्रह्मज्ञानानें या जगाचाहि बाध होतो हें त्यांचेंच मत. परंतु तोंवर व्यवहार खरा.

या कसोटीवर यंत्राची सृष्टि घांसून पाहावी. स्थळ, काळ आणि अनेकांचा सामाईक अनुभव या तीन अटी आजचे यंत्रज्ञ पुऱ्या करतात. तेथील बाग दुसऱ्या दिवशीं तेथेंच सांपडते आणि शंभर जणांना एकदम दिसते. चौथी अट अर्धीच पुरी होते. तेथें विमान चालविण्याचा अभ्यास खरा होतो, पण तेथील भाकरीनें पोट भरत नाहीं. डेव्हिड चामर्स हा तत्त्वज्ञ १९२२ नव्हे, अगदीं अलीकडे २०२२ सालीं लिहिलेल्या ग्रंथांत असें प्रतिपादितो कीं, त्या सृष्टींतील वस्तु भ्रम नव्हेत; संगणकांतील आंकड्यांच्या बनलेल्या त्या खऱ्याच वस्तु आहेत. त्याच्या मतें आपलें सारें जग असेंच रचलेलें निघालें, तरी तें खोटें ठरणार नाहीं.

हें वाचून 'हें तर आमच्या पूर्वजांनीं सांगितलेंच होतें' असें म्हणण्याचा मोह होतो, तो आवरलेला बरा. चामर्सच्या सृष्टीमागें यंत्र आहे, वीज आहे. वसुबंधूच्या सृष्टीमागें बाह्य असें कांहींच नाहीं. दोघांचीं घरें वेगळीं आहेत. प्रश्न मात्र सामाईक आहे, आणि तो 'खरें काय' एवढ्यावर थांबत नाहीं.

कारण प्रतिपक्षी अखेरीस वसुबंधूला विचारतो: देहच नाहीं तर खाटिकाच्या हातून मेंढा मरतो कसा, आणि त्याला पाप कां लागतें? उत्तरांत दंडकारण्य येतें. महाराष्ट्रांत धर्मकृत्याच्या संकल्पांत ज्याचें नांव आजहि उच्चारतात, तेंच हें अरण्य. तें ओसाड झालें तें शस्त्रानें नव्हे, ऋषींच्या मनांतील कोपानें, अशी कथा सांगून वसुबंधु म्हणतो कीं, काया आणि वाणी यांच्या अपराधांहून मनाचा अपराध थोर आहे, हें यावरूनच ठरतें.

डिसेंबर १९९३ मध्यें न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' पत्रांत 'लॅम्डामू' नांवाच्या सृष्टीची हकीकत छापून आली. त्या सृष्टींत चित्र नव्हतें, आवाज नव्हता. दूरदूरच्या माणसांनीं तारेवरून पाठविलेल्या नुसत्या शब्दांचें तें एक घर होतें. तेथें एकानें टोपणनांवाखालीं इतरांच्या पात्रांवर शब्दांनींच बीभत्स अत्याचार केले. कोणाच्या अंगाला बोटहि लागलें नाहीं. तरी त्या प्रसंगाविषयीं लिहितांना पीडितांपैकीं एका स्त्रीच्या डोळ्यांतून खरे अश्रु आले. रहिवाशांनीं सभा भरविली, ती निर्णयावांचून संपली. मग एका व्यवस्थापकानें स्वतःच्या जबाबदारीवर तें पात्र पुसून टाकलें. त्यानंतर तेथें अर्ज व मतदान यांची पद्धत सुरू झाली. तो मनुष्य मात्र कांहीं काळानें दुसरें नांव घेऊन त्याच घरांत परत आला.