एक देव, तीन अक्षररूपे

इ. स. १५४७ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे ज्यू मुद्रकांनी मोशेच्या पंचग्रंथाची बहुभाषिक आवृत्ती छापली. मूळ हिब्रू संहितेच्या जोडीला ओंकेलोसचा अरामी अनुवाद, तसेच ग्रीक आणि लादिनो, म्हणजे ज्यूंची स्पॅनिश, यांतील भाषांतरे. लिपी मात्र सर्वांची हिब्रूच. उत्पत्तीच्या पहिल्या वाक्यातील 'देव' या एका शब्दाची रूपे आपण येथे पाहू.

हिब्रूत हा शब्द 'एलोहीम' असा आहे. त्याचा प्रत्यय अनेकवचनाचा, पण क्रियापद एकवचनी. मराठीत आपण 'गुरुजी आले' म्हणतो तेव्हा आदरापोटी क्रियापदही बहुवचनी होते. हिब्रूने नामाला बहुवचनाचा साज दिला, तरी कर्ता एकच हे क्रियापदातून बजावले.

अरामीत याच कुळातील शब्द 'एलाह'. दानिएलाच्या ग्रंथातील अरामी भागात तो आढळतो. ओंकेलोस मात्र येथे तो योजीत नाही. अनेक देवांचा भास होऊ नये म्हणून तो परमेश्वराचे चार अक्षरी नाम घालतो, असे अभ्यासक मानतात. ते नाम उच्चारावयाचे नसल्याने प्रतींमध्ये बहुधा दोन 'योद' अक्षरे लिहीत.

लादिनोत 'एल दिओ' असे रूप आहे. ख्रिस्ती स्पॅनिशात 'दिओस' म्हणतात. त्यातील 'स' वस्तुतः लॅटिन 'देऊस'मधील प्रथमेच्या एकवचनाचा. परंतु स्पॅनिशात 'स' बहुवचनाची खूण असल्याने ज्यूंनी तो टाळला, असे परंपरा सांगते. ३१ मार्च १४९२ रोजी फर्डिनंड व इझाबेला या कॅथोलिक राजदांपत्याने ज्यूंच्या हद्दपारीचा हुकूम काढला. अनेकांनी ऑटोमन साम्राज्यात आश्रय घेतला. ज्यांनी हाकलले त्यांचीच भाषा या लोकांनी शतकानुशतके घरात जपली. देवाचे नाव तेवढे आपल्या श्रद्धेप्रमाणे लिहिले. पुढे १९४३ मध्ये नाझींनी थेस्सलोनिकी शहरातील ४० हजारांहून अधिक ज्यूंना आउशवित्झला धाडले, तेव्हा लादिनोचे एक मोठे माहेरच उजाड झाले.

क्रुसावरील प्रभूची आर्त हाक संत मत्तय 'एली' अशी हिब्रू वळणाने, तर संत मार्क 'एलोई' अशी अरामी वळणाने नोंदवितो. हे दोन्ही शब्द 'एलोहीम' व 'एलाह' यांचेच सगोत्र होत. ज्या नामाने प्रभूने पित्याला हाक मारली, तेच जपणाऱ्यांना ख्रिस्ती राजांनी देशोधडीला लावले. उपवासकाळात ती हाक वाचताना आपण या बांधवांचेही स्मरण करावे, असे आम्हांस वाटते.