धातूला पाणी शिवू न देणारे लेप

लोखंड गंजते ते पाणी आणि प्राणवायू एकत्र आल्यामुळे. हवेतला प्राणवायू अडवणे कठीण, म्हणून धातू जपणाऱ्यांनी पूर्वीपासून पाणी दूर ठेवण्याचा मार्ग धरला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार थोरला प्लिनी याने लोखंडासाठी सफेदा, जिप्सम आणि पातळ डांबर यांचा लेप सांगितला आहे. घासून लख्ख केलेल्या ब्राँझला तेल लावले नाही तर ते उलट लवकर खराब होते, हेही त्याने नोंदवले. पुढची अनेक शतके हत्यारे, बंदुका आणि यंत्रे तेल, चरबी, मेण यांच्याच भरवशावर राहिली.

हा भरवसा अर्धवट होता. धातूवरच्या ऑक्साइडच्या थराला तेलापेक्षा पाण्याचे आकर्षण जास्त असते, त्यामुळे पाणी तेलाला बाजूला सारून खाली शिरते. शिरलेला एक थेंबही गंज धरायला पुरतो. केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्स यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवले की, थेंबाच्या कडेला प्राणवायू भरपूर आणि मध्यभागी कमी असल्याने तेथे विद्युतघटच तयार होतो. त्यात मध्यभागातले लोखंड विरघळत जाते.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम झिसमन आणि सहकाऱ्यांनी या प्रश्नाला रेणूंच्या पातळीवर हात घातला. एक टोक धातूला चिकटणारे आणि दुसरे पाण्याला नाकारणारे, असे लांब रेणू धातूवर एका थरात उभे राहतात, हे त्यांनी 1946 साली मांडले. असे रेणू मिसळलेले तेल साध्या तेलापेक्षा कितीतरी चिवट ठरते. 1953 साली सॅन दिएगोच्या रॉकेट केमिकल कंपनीने अॅटलस क्षेपणास्त्राच्या पोलादी पत्र्यासाठी पाणी हटवणारे मिश्रण तयार केले. कंपनी सांगते त्याप्रमाणे चाळिसावा प्रयत्न जमला, म्हणून त्याचे नाव डब्ल्यूडी-40. पुढे क्षेपणास्त्रापेक्षा कुरकुरणाऱ्या बिजागऱ्यांनीच त्याला घरोघरी पोचवले.

तेलाऐवजी पृष्ठभागच पाणी नाकारणारा करायचा, हा विचार वेगळ्या वाटेने आला. थेंब पृष्ठभागाशी किती कोन करतो यावर ओलेपणा ठरतो, हे टॉमस यंग यांनी 1805 मध्येच सांगितले होते. 90 अंशांपेक्षा मोठा कोन म्हणजे पाणी पसरत नाही. पण सपाट टेफ्लॉनवरही हा कोन 110 अंशांच्या आसपासच थांबतो. त्यापुढे जायला खडबडीतपणा लागतो, हे वेन्झेल (1936) आणि कॅसी व बॅक्स्टर (1944) यांच्या सूत्रांतून दिसले. 1997 साली जर्मनीतील बार्थलॉट आणि नाइनहुइस यांनी कमळाच्या पानावरचे सूक्ष्म उंचवटे आणि मेणाचे स्फटिक दाखवले, तेव्हा हे सूत्र डोळ्यांना पटले. आपल्याकडच्या अळूच्या पानाचीही करामत तीच.

त्यानंतर अॅल्युमिनियम, तांबे, जस्त यांचे पृष्ठभाग आम्लाने कोरून त्यावर स्टिअरिक आम्लासारख्या मेदाम्लाचा थर देण्याचे असंख्य प्रयोग झाले. उंचवट्यांमधली हवा खारे पाणी धातूपर्यंत पोचू देत नाही, आणि प्रयोगशाळेत गंजण्याचा वेग खरोखर घटतो. मात्र घासले की उंचवटे मोडतात, पाण्यात बुडून राहिले की हवा हळूहळू विरघळते, आणि दव तर उंचवट्यांच्या आतच जमते. बऱ्याच शोधनिबंधांनी या दुबळेपणाकडे काणाडोळा केला. 2011 मध्ये हार्वर्डच्या जोआना आयझेनबर्ग यांच्या गटाने घटपर्णी या कीटकभक्षी वनस्पतीपासून धडा घेऊन हवेच्या जागी तेलच भरले. सच्छिद्र पृष्ठभागात अडकलेले ते तेल सहज वाहून जात नाही. प्रश्न पाणी नाकारण्याचा कमी आणि नाकारणारा थर टिकवण्याचा जास्त होता, हे यातून स्पष्ट झाले.

अशा लेपांना अनेकदा फ्लोरिनयुक्त रसायने लागतात, आणि ती निसर्गात विघटित होत नाहीत. त्यांपैकी पीएफओएस हे रसायन 2009 मध्ये, तर पीएफओए 2019 मध्ये चिवट प्रदूषकांना आवर घालणाऱ्या स्टॉकहोम कराराच्या यादीत आले. पूल आणि जहाजे मात्र आजही मुख्यतः जस्ताचा थर आणि इपॉक्सी रंग यांच्याच आधाराने उभी आहेत.