मक्यावरील लष्करी अळी : कीटकनाशक चाचणी

जळगाव व धुळे जिल्ह्यांत खरीप व रब्बी मक्यावर येणाऱ्या अमेरिकन लष्करी अळीविरुद्ध (स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा, कुल नॉक्टुइडी) औषधांची परिणामकारकता मोजण्याची शेतपद्धती. ही कीड भारतात 2018 मध्ये कर्नाटकात प्रथम आढळली. त्याच वर्षी ती महाराष्ट्रात पोहोचली. खानदेशातील हे दोन्ही जिल्हे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात.

चाचणीत समान वाफे पाडून औषधे यादृच्छिक क्रमाने देतात, पुनरावृत्ती घेतात आणि एक वाफा बिनफवारणीचा राखतात. फवारणीपूर्वी व नंतर ठरावीक दिवसांनी जिवंत अळ्या, पोंग्याला (मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांना) झालेली इजा आणि शेवटी दाण्यांचे उत्पादन नोंदवतात. इमामेक्टिन बेंझोएट, स्पिनेटोरम, क्लोरँट्रानिलिप्रोल ही प्रमुख औषधे. मोठी अळी पोंग्यात विष्ठेआड दडते. म्हणून अळी लहान असतानाच फवारा थेट पोंग्यात पडावा लागतो.