माक्याचं तेल

आमच्या भागात डोक्याच्या तेलाचे दोन मुलूख होते. रेल्वेच्या पश्चिमेला चिंचणी-तारापूर, सातपाटी, केळवे-माहीम हा वाड्यांचा पट्टा. तिथे नारळ, म्हणून खोबरेल. पूर्वेला डोंगराकडच्या वारली पाड्यांत मोहाच्या बियांचं तेल. खायला तेच, अंगाला तेच, डोक्यालाही तेच. बाजारात शेजारी उभं राहिलेलं माणूस दर्याकडचं की डोंगराकडचं, ते वासावरून कळायचं.

माझी आजी वाडीतली. तिचं तेल माक्याचं. पावसाळा सरताना भातखाचराच्या बांधावर माका माजतो. बारीक पांढरी फुलं, आणि चुरगळला की बोटं काळी करणारा रस. तो उपटून, धुऊन, पाट्यावर वाटून पिळायचा. एक तांब्या खोबरेलाला चार तांबे रस. त्यात आवळा, ब्राह्मी आणि जास्वंदीची पानं यांचा वाटलेला गोळा. मग लोखंडी कढईत मंद आचेवर, पाणी आटेपर्यंत.

आजीला अक्षरओळख नव्हती. शार्ङ्गधरसंहितेत तेल सिद्ध करायचं माप दिलंय: वाटलेली औषधी १ भाग, तेल ४ भाग, रस किंवा काढा १६ भाग. म्हणजे तेलाच्या चौपट रस. आजीचंही तेच! तेल झालं की नाही हे पाहायची रीतही तीच. कढईतला गाळ बोटांत वळला की त्याची वात व्हायला हवी, आणि ती विस्तवात टाकली तर तडतडता कामा नये. तडतडलं म्हणजे आत पाणी आहे. पाणी राहिलं की तेल खवट होतं, बुरशी धरतं. "अजून रडतंय, राहू दे," असं आजी म्हणायची. घराघरांतून बायकांनी चुलीपाशी बसून सांभाळलेलं हे शास्त्र.

१९६९मध्ये तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं. पुढे बोईसरला कारखाने आले, घड्याळ पाळीचं झालं. अर्धा दिवस कढईजवळ बसणार कोण? बाटली आली आणि सोय झाली. त्याबद्दल मला कुणाला नावं ठेवायची नाहीत.

दोन वर्षांपासून मी तेल पुन्हा करतो. टकलावर केस उगवतील असं आजीही कधी म्हणाली नाही. खोबरेल केसात मुरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, एवढं मात्र २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलंय.

कृती परत मिळाली, घाण्याचं तेलही मिळतं. अडतं ते माक्यापाशी. खाचरं बुजून चाळी उठल्या, बांध गेले. माका चिवट, तो गेला नाही. सांडपाण्याच्या नाल्याकाठी तो आजही हिरवागार उभा असतो. पण ज्या पाण्याला रंग आणि वास आहे, त्या पाण्यावर वाढलेला पाला नातीच्या डोक्याला कसा लावायचा? आजीच्या मापात पाण्याचा भाग सगळ्यांत मोठा होता, पण ते पाणी स्वच्छ असावं हे तिला कधी सांगावं लागलं नव्हतं.

म्हणून विहिरीजवळ एक वाफा केलाय. तिथे माका लावलाय, ज्याला आजी तण म्हणायची. शेजारणी रोप मागायला येतात. मी देतो, आणि विस्तवातल्या वातीची परीक्षाही सांगतो.