तारीफ-इ-हुसेनशाही
अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) निजामशाही दरबारातील सचित्र फार्सी काव्य. कवी आफताबी, नायक पहिला हुसेन निजामशाह, १५६५ च्या तालिकोट लढाईतील विजेत्यांपैकी एक. हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या (स्थापना १९१०) संग्रहात आहे. दख्खनी चित्रकलेच्या आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. पण नजर खिळते ती पुसलेल्या जागांवर. शाहाजवळ बसलेली राणी खुंझा हुमायूं बहुतेक चित्रांतून पुढे मिटवली गेली; कागदावर उरला तो ओबडधोबड डाग. तिला मुलगा मुर्तझाने कैदेत टाकले होते. काव्याचा पाठ इंग्रजी भाषांतरासह १९८७ मध्ये छापला गेला, तरी सत्तापालटाची ही खूण मूळ पानावरच नीट वाचता येते. ग्रंथालये असे संग्रह वेगळ्या देखरेखीखाली ठेवतात ते याचसाठी.