तेलभक्षी जीवाणू
खनिज तेलातील हायड्रोकार्बनांवर उपजीविका करणारे सूक्ष्मजीव. समुद्रात ते मूळचेच असतात. अल्कॅनिव्होरॅक्स बोर्कुमेन्सिस ही त्यांतील महत्त्वाची जाती. तेल सांडले की त्यांना कार्बन मुबलक मिळतो, पण नायट्रोजन आणि फॉस्फरस अपुरे पडतात. म्हणूनच २४ मार्च १९८९ रोजी ‘एक्झॉन व्हाल्डीझ’ जहाजातून सुमारे ४ कोटी लिटर तेल अलास्काच्या प्रिन्स विल्यम साउंडमध्ये सांडले, तेव्हा बाहेरचे जीवाणू सोडण्यापेक्षा किनाऱ्यावर खत फवारण्यावर भर दिला गेला. चाचणीत खत मिळालेल्या पट्ट्यांतील तेलाने माखलेले गोटे दोनएक आठवड्यांत शेजारच्या गोट्यांहून स्पष्टपणे स्वच्छ दिसू लागले. हलके अल्केन लवकर संपतात. डांबरासारखे जड घटक मात्र चिवट. दगडगोट्यांखाली, जिथे ऑक्सिजन पुरेसा पोहोचत नाही, तिथे हे तेल दशकभरानंतरही सापडले. त्यामुळे सांडलेले तेल आधी यंत्रांनी उपसून काढणेच श्रेयस्कर.